वीसच्या वेगाचे हात, शंभरच्या वेगाचा रस्ता

व्हाइटफील्डची गाडी आठवडाभर धावत नाही, सरकते. होप फार्म, ग्रॅफाइट इंडिया, कुंदलहळ्ळी, मारतहळ्ळी, एका सिग्नलवरून पुढच्या सिग्नलवर. टॉमटॉम कंपनीच्या २०२२ च्या पाहणीत बंगळुरूच्या मध्यभागात दहा किलोमीटर जायला सरासरी २९ मिनिटं १० सेकंद लागत होते. म्हणजे ताशी जेमतेम वीस. आणि मग जोडून सुट्टी येते. गणपती, दिवाळी, नाहीतर गावाकडचं लग्न. तोच चालक, तीच केए-५३ पाटीची गाडी, मागच्या सीटवर मुलं आणि फराळाचे डबे, आणि रात्री नऊ-दहाला कूच. कोणी के. आर. पुरम, हेब्बाळ, नेलमंगला असं शहर चिरत जातं, कोणी होस्कोटे, देवनहळ्ळी, दोड्डबळ्ळापूर, दाबसपेट असा नवा वळसा घेतं. पुढे राष्ट्रीय महामार्ग ४८. कोल्हापूर साधारण सहाशे दहा किलोमीटर, पुणे आठशे चाळीस. आणि वेग शंभर.

आणीबाणीत गाडी कशी सांभाळावी यावर सल्ल्यांचा तुटवडा नाही. ब्रेक फेल झाले तर हे करा, टायर फुटला तर ते करा. सल्ले बहुतेक बरोबरही असतात. अडचण अशी की त्या घटकेला चालकाच्या हाती दीड सेकंद असतो आणि तेवढ्या वेळात डोकं काही आठवत बसत नाही. हातपाय आठवडाभर जे करत आले तेच करतात. व्हाइटफील्डमध्ये ते काय करतात? समोरच्याच्या बंपरला चिकटून चालतात, कोणी आडवं आलं की स्टिअरिंग झटकन वळवतात, रिकाम्या हातानं हॉर्न दाबतात. वीसच्या वेगाला हे सगळं खपून जातं.

जरा हिशोब मांडू. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, रस्ता कोरडा आणि टायर चांगले धरले, तर ताशी वीसला गाडी साडेदहा मीटरमध्ये थांबते. ऐंशीला सुमारे ६८ मीटर लागतात. शंभरला ९७. त्यातले ४२ मीटर तर पाय ब्रेकवर पोचण्याआधीच गेलेले असतात. पावसात हे आकडे आणखी फुगतात. पुढच्या गाडीपासून निदान दोन सेकंदांचं अंतर ठेवा, पावसात चार, हा नियम यातूनच आलेला आहे. शंभरला दोन सेकंद म्हणजे ५५ मीटर. तेवढी जागा सोडली की कोणीतरी मध्ये घुसतं, ही तक्रार खरी आहे. घुसू द्यावं आणि परत मागे व्हावं. कोल्हापूरला पोचायला फार तर पाच मिनिटं उशीर होईल.

आता गुरं, कुत्री, दुभाजकातून अचानक बाहेर पडणारी दुचाकी. इथे एकच सवय मोडायची असते, ती म्हणजे स्टिअरिंग झटकायची. शंभरच्या वेगाला उंच एसयूव्ही झटक्यानं वळवली तर ती उलटते, नाहीतर दुभाजक ओलांडून पलीकडे जाते. ब्रेक सरळ रेषेत, जीव खाऊन दाबायचा. २०१९ च्या एप्रिलपासून आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे. चाकं जाम होऊ न देता ब्रेक लावणं हे त्याचं काम, आणि म्हणूनच पूर्ण ब्रेक दाबलेला असतानाही गाडी थोडी वळवता येते. पण एबीएस सुरू झालं की पेडल पायाखाली थडथडतं, घरघर ऐकू येते, आणि काहीतरी मोडलं असं वाटून लोक नेमका त्याच क्षणी पाय उचलतात. कुत्र्यासाठी शक्य तितका वेग कमी करावा, पण त्याला वाचवायला आडवं जाऊ नये, हे लिहायला कठोर वाटतं, पण मागच्या सीटवरच्या मुलांचा विचार केला की वाटत नाही.

अशा झटक्याचं टोक २१ डिसेंबर २०२४ ला नेलमंगलाजवळ दिसलं. पुढची गाडी एकदम थांबली म्हणून एका कंटेनर ट्रकच्या चालकानं ट्रक वळवला. तो दुभाजक ओलांडून पलीकडे गेला आणि समोरून येणाऱ्या एका मोठ्या, सुरक्षिततेसाठी नावाजलेल्या एसयूव्हीवर आडवा झाला. नाताळच्या सुट्टीत गावाकडे निघालेल्या एकाच कुटुंबातले सहा जण गेले. त्या एसयूव्हीच्या चालकानं काय करायला हवं होतं, याला उत्तर नाही. आपल्या हातात सगळं असतं असा सूर लावणारा कोणताही आढावा इथे थांबतो. आपल्या हाती असते ती दुसऱ्याच्या वाट्याला असा क्षण न आणण्याची बाजू: विनाकारण करकचून ब्रेक न लावणं, ट्रकच्या नाकासमोर कट न मारणं. भरलेला ट्रक आपल्याइतक्या अंतरात थांबूच शकत नाही.

महामार्गावरचा दुसरा मोठा मृत्यू हलत नाही. तो डाव्या लेनमध्ये, दिवे विझवून, मागे दगड ठेवून उभा असतो. २८ जून २०२४ च्या पहाटे हावेरी जिल्ह्यात ब्याडगीजवळ देवदर्शन करून परतणारा टेम्पो ट्रॅव्हलर उभ्या लॉरीवर आदळला आणि तेरा जण दगावले. देशभरात मागून धडकण्याचे अपघात एकूण अपघातांच्या सुमारे एक पंचमांश असतात. अशा धडकेत ब्रेकचं कौशल्य कामाला येत नाही, कारण ब्रेक लावलेलाच नसतो. चालकाचा डोळा लागलेला असतो किंवा उघड्या डोळ्यांना दिसलेलं डोक्यात शिरलेलं नसतं. सतरा तास सलग जागं राहिलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्यासारख्या मंदावतात, असं प्रयोगांतून दिसलं आहे. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सातला उठलेला, दिवसभर मीटिंगा उरकून रात्री दहाला निघालेला चालक चित्रदुर्गच्या आसपास येतो तेव्हा मद्याचा थेंब न घेता ती मर्यादा ओलांडून बसलेला असतो. कॉफी, मोठ्यानं गाणी, खिडकी उघडी ठेवणं, यांतलं काहीही झोपेची भरपाई करत नाही. पहाटे चारला उठून निघणं हा रात्री निघण्यापेक्षा फार चांगला पर्याय आहे, अट एवढीच की आदल्या रात्री खरोखर झोपलं पाहिजे.

ब्रेक फेल होणं ही अपघातानंतर सगळ्यात जास्त ऐकू येणारी सबब आहे. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता बंगळुरूहून येणाऱ्याच्या प्रवासाचा शेवटचा टप्पा. घर आलंच, अशा भावनेनं पाय सैल पडतो, आणि उतार मात्र लांबलचक आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका ट्रकनं डझनावारी गाड्या ठोकरल्या. आधी ब्रेक निकामी झाल्याचं सांगितलं गेलं. तपासानंतर पोलिसांनी सांगितलं ते वेगळं होतं: डिझेल वाचवायला चालकानं उतारावर इंजिन बंद केलं होतं. इंजिन बंद केलं की ट्रकची हवा भरायची थांबते, मोटारीत ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीनदा पेडल दाबल्यावर संपते आणि पेडल दगडासारखं होतं. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अटकाव राहत नाही, मग सगळा भार ब्रेकवर. सतत दाबून ठेवलेले ब्रेक तापतात, जळका वास येतो, पेडल दबतं पण गाडी थांबेनाशी होते. उपाय जुना आणि बिनपैशाचा आहे. ज्या गिअरमध्ये चढ चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं; ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल किंवा ‘एल’वर घ्यायचं, आणि ब्रेक दाबून-सोडून वापरायचा. खंबाटकी घाटातही हेच.

आणि खरंच पेडल तळाला गेलं तर? भराभर पंप करायचं, दाब परत येऊ शकतो. एकेक गिअर खाली आणायचा. हँडब्रेक हळूहळू ओढायचा, एका झटक्यात ओढला तर मागची चाकं जाम होऊन गाडी गरकन फिरते. बटणाचा पार्किंग ब्रेक असेल तर बहुतेक गाड्यांत तो चालत्या गाडीतही ओढून धरला की गाडी सावकाश थांबवतो. आपल्या गाडीत असं होतं का, हे पुस्तिकेत आजच बघून ठेवावं. हॉर्न आणि दिवे चालू, चढ किंवा मोकळं रान दिसलं तर तिकडे, नाहीतर कडेच्या कठड्याला अंग घासत. चावी मात्र काढायची नाही. स्टिअरिंग लॉक होतं. आणि हे सगळं करण्याआधी पायाखाली एक नजर. पेडलखाली घरंगळलेली पाण्याची बाटली किंवा सरकलेलं मॅट हेही अनेकदा ब्रेक फेलचं खरं कारण असतं.

दुसरा प्रकार ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जाण्याचा. कुर्ल्यात ९ डिसेंबर २०२४ ला बेस्टच्या इलेक्ट्रिक बसनं गर्दीतली माणसं आणि वाहनं चिरडली. तपासणीत बसचे ब्रेक शाबूत आढळले. चालकाला गिअर नसलेल्या इलेक्ट्रिक बसची पुरेशी सवय नव्हती, हा मुद्दा पुढे आला. व्हाइटफील्डच्या सोसायट्यांच्या तळघरांत आता नव्या इलेक्ट्रिक गाड्यांची रांग आहे, आणि घरातला जो माणूस वीस वर्षं क्लच दाबत आला, त्यालाच एक दिवस चावी दिली जाते. गाडी अचानक पळाली की घाबरून पाय आणखी जोरात दाबला जातो, आणि तो चुकीच्या पेडलवर असतो. अशा वेळी दोन्ही पाय उचलून घेणं हीच पहिली गोष्ट. डावा पाय ऑटोमॅटिकमध्ये कायम बाजूला, ही दुसरी.

टायर फुटण्याबद्दल थोडक्यात. ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरायचं, पाय ॲक्सिलरेटरवरून हळू सोडायचा, वेग आपोआप उतरू द्यायचा आणि मग डावीकडे. खरं काम मात्र निघण्याच्या आदल्या दिवशीचं. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. शहरात आठवड्याला जेमतेम शंभर किलोमीटर फिरणाऱ्या गाडीची नक्षी शाबूत दिसते आणि रबर आतून म्हातारं झालेलं असतं, त्यामुळे या भागातल्या गाड्यांना वयाची ही खूण नक्षीपेक्षा जास्त सांगते. हवा थंड टायरमध्ये मोजायची, स्टेपनीचीही.

पाणी हे व्हाइटफील्डचं खास संकट. काही वर्षांपूर्वी, २०१५ नंतरच्या पावसाळ्यांत, वर्तूर तलावाचा विषारी फेस उडून वर्तूर कोडीच्या रस्त्यावर यायचा आणि वाहनांच्या काचांवर बसायचा; त्यात वायपर कसा चालवावा हे जगातल्या कुठल्याही चालन-पुस्तिकेत नसेल. पण २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आऊटर रिंग रोडच्या पट्ट्यात लोक ट्रॅक्टरवर बसून कामाला गेले तेव्हा बुडालेल्या मोटारी हा सगळ्यांचा प्रश्न झाला. गुडघाभर पाण्यातच लहान गाडी तरंगायला लागते. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, कारण सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतात. साध्या विम्यात हा खर्च बहुधा मिळत नाही, इंजिनासाठी वेगळं कवच घ्यावं लागतं. पैशाचं हे झालं. जिवाचं २१ मे २०२३ ला के. आर. सर्कलच्या अंडरपासमध्ये दिसलं. तिथे पाण्यात अडकलेल्या टॅक्सीतली एक तरुणी बुडून गेली, भर शहरात, विधानसौधापासून हाकेच्या अंतरावर. भरलेल्या अंडरपासमध्ये गाडी घालायचीच नाही. अडकलीच तर विजेवर चालणाऱ्या काचा चालू आहेत तोवर काच खाली करायची आणि बाहेर पडायचं. सामान, फोन, दार यांच्या मागे लागायचं नाही. दार बाहेरच्या पाण्याच्या दाबानं उघडत नाही.

काच फोडायची वेळ आगीतही येते. पुढची काच दोन थरांची असते, ती फुटत नाही. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात टोकदार वस्तू मारली की तिचा भुगा होतो. यासाठी छोटी हातोडी मिळते, तिच्यातच पट्टा कापायचं पातं असतं. ती डिकीत टूलकिटबरोबर ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. ती चालकाच्या हाताशी हवी. आपण स्वतः चालवत नसून रातराणीनं जात असलो तरी हे आपलंच काम आहे. बंगळुरूहून सुटणाऱ्या किंवा बंगळुरूला येणाऱ्या बसच्या आगींची यादी लांब आहे: ३० ऑक्टोबर २०१३ ला पालेमजवळ ४५ मृत्यू, पंधराच दिवसांनी मुंबईला निघालेल्या बसला हावेरीजवळ आग लागून सात, आणि २४ ऑक्टोबर २०२५ ला कर्नूलजवळ दुचाकी खाली अडकून पेटलेल्या बसमध्ये एकोणीस प्रवासी. समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बस डाव्या कुशीवर पडली. दार त्याच बाजूला होतं. पंचवीस जण आत अडकले आणि गेले. वाचलेले काच फोडून बाहेर आले होते. बसमध्ये चढल्यावर आपला संकटकालीन दरवाजा कुठे आहे हे बघायला अर्धं मिनिट लागतं. विमानात हे सांगितलं जातं आणि आपण ऐकत नाही. बसमध्ये कोणी सांगतही नाही.

पट्ट्याबद्दल ४ सप्टेंबर २०२२ नंतर वेगळं लिहायला नको. चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे नाही. मागच्यांनी पट्टे लावलेले नव्हते. महिनाभर सगळीकडे मागच्या पट्ट्याची चर्चा झाली आणि मग पूर्वीसारखं सुरू झालं.

धडकेनंतरचा अर्धा तास हा या विषयातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे, आणि बंगळुरूत तर तो धडकेपेक्षा जास्त भीतीचा. किरकोळ धक्क्याचं दृश्य रोजचं आहे. सिग्नल सुटतो, कडेनं घुसलेल्या स्कूटरचं हँडल मोटारीच्या दाराला रेघ ओढतं. दोघंही तिथेच थांबतात, रस्त्याच्या मधोमध, आणि मागे टिन फॅक्टरीपर्यंत रांग लागते. काच बंद करणारा एक, फोनवर मित्राला बोलावणारा दुसरा, आणि गोळा झालेले चार जण, ज्यांनी काहीच पाहिलेलं नाही. भाषा येत नसेल तर आवाज चढतो. इथे चढा आवाज हिंदीत केला तर भांडण वाढतं हा व्हाइटफील्डमधला साधा अनुभव आहे. ‘पोलिसरिगे फोन माडोणा’, पोलिसांना फोन करू या, एवढं एक वाक्य शांतपणे म्हणता आलं तर निम्मं काम होतं. आधी दोन्ही गाड्यांचे पाट्यांसकट फोटो, मग गाड्या कडेला, मग बोलणं. एमएच पाटी असलेल्यांनी कागद जवळ ठेवावेत आणि वर्षाच्या आत पाटी बदलून घ्यावी, म्हणजे निदान तो विषय तरी निघणार नाही.

मुद्दाम धडक देऊन पैसे उकळणाऱ्यांचा धोकाही आहे. २०२३ च्या जानेवारीअखेर सर्जापूर रस्त्याकडे मध्यरात्रीनंतर दोघांनी दुचाकी समोरून एका मोटारीवर घातली आणि मग तिचा पाठलाग केला. जोडपं काच न उघडता गाडी मागे घेत सोसायटीपर्यंत गेलं, डॅशकॅममध्ये सगळं होतं, पोलिसांनी दोघांना पकडलं. रात्री निर्मनुष्य जागी असं झालं तर उतरू नये, ११२ लावावा आणि उजेडाच्या, माणसांच्या जागी जाऊन थांबावं.

कायदा इथे चालकाला वाटतो त्यापेक्षा समंजस आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ जखमीला दवाखान्यात पोचवायची जबाबदारी चालकावर टाकतं, पण जमावाच्या रागामुळे ते शक्य नसेल तर सूट देतं. पोलिसांना चोवीस तासांच्या आत कळवणं मात्र चुकत नाही. म्हणजे जीव वाचवायला जागेवरून निघणं आणि पळून जाणं या दोन गोष्टी कायद्यालाही वेगळ्या माहीत आहेत, फरक पडतो तो त्या एका फोननं. नव्या भारतीय न्याय संहितेत न कळवता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली, तेव्हा २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालकांनी संप केला आणि महाराष्ट्रात पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. थांबलो तर जमाव मारतो, हेच त्यांचं म्हणणं होतं. ते कलम अजून लागू केलेलं नाही. चालकांचं म्हणणं खोटं नव्हतं.

मदत करणाऱ्याची भीती मात्र आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयानं ३० मार्च २०१६ ला मदतकर्त्यांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांवर शिक्कामोर्तब केलं, कर्नाटकानं त्यासाठी स्वतंत्र कायदा केला, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४ अ आलं. नाव सांगायची सक्ती नाही, दवाखान्यात थांबवून ठेवता येत नाही, पैसे मागता येत नाहीत. कर्नाटकात २०१६ मध्ये अपघातग्रस्ताच्या पहिल्या ४८ तासांच्या उपचारासाठी मुख्यमंत्री सांत्वना हरीश योजना आली. नेलमंगलाजवळच ट्रकखाली सापडून, मरता मरता अवयवदान करा असं सांगणाऱ्या तरुणाच्या नावानं ती आहे. मे २०२५ पासून देशभर अपघातानंतर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा रोकडविरहित उपचार मिळतो. जखमीला मात्र खांद्याला धरून ओढून काढू नये. आग किंवा बुडण्याचा धोका नसेल तर मान न हलवता १०८ येईपर्यंत रक्त दाबून धरावं, बोलतं ठेवावं. महामार्गावर १०३३. तोवर आपली माणसं गाडीतून उतरवून कठड्यापलीकडे उभी करावीत आणि त्रिकोण निदान पन्नास मीटर, वेगवान रस्त्यावर शंभर मीटर मागे ठेवावा. गाडीला चिकटून ठेवलेल्या त्रिकोणाचा उपयोग फक्त कंपनीला, विकताना.

हे सगळं शिकवायचं कोणी? लायसनच्या परीक्षेत आठाचा आकडा काढून दाखवायचा असतो, गाडी मागे घ्यायची असते. पूर्ण ताकदीनं ब्रेक दाबून दाखवा, असं कोणी सांगत नाही. नुसतं प्रशिक्षण वाढवलं की झालं, असंही नाही. नॉर्वेत १९८० च्या दशकात नव्या चालकांना घसरड्या रस्त्यावर गाडी सावरायला शिकवलं, तर तरुण पुरुषांचे घसरडीवरचे अपघात कमी व्हायच्या ऐवजी वाढल्याचं आढळलं. सावरता येतं या भरवशावर ते जास्त वेगानं जाऊ लागले. तेव्हा गाडी गरागरा फिरवून परत सरळ करायच्या करामती शिकण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट प्रत्येकानं एकदा तरी करून पाहावी अशी आहे, आणि व्हाइटफील्डमध्ये त्याला जागाही मिळते. रविवारी सकाळी सहा-साडेसहाला, अजून घरं न उठलेल्या एखाद्या लेआऊटच्या सरळ, मोकळ्या रस्त्यावर, आरशात मागे कोणी नाही हे बघून, चाळीसच्या वेगाला ब्रेक पूर्ण दाबायचा आणि गाडी थांबेपर्यंत सोडायचा नाही. पहिल्या खेपेला पायाखाली थडथड लागताच बहुतेकांचा पाय आपोआप वर येतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला येत नाही.